बारा व्होल्टला कोण भितो?

प्रस्तावना

दौंड आणि शिरूर तालुक्यांसाठी होडीतल्या वायरिंगवर पुस्तिका काढायची म्हटली तर कोकणातला माणूस हसेल. ऊस, कांदा, रांजणगावचा गणपती, दौंडचे जंक्शन, कुरकुंभची एमआयडीसी. यात होडी बसते कुठे? पण नदीकाठाने चालत गेले की ती दिसतेच. रांजणगाव सांडसला मुळा-मुठा भीमेला मिळते. शिरूरला जुने लोक अजून घोडनदीच म्हणतात, ती घोड पुढे चिंचणीला धरणात अडते. मधे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पाणी तुंबवून ठेवतात, आणि दौंडच्या खाली देऊळगाव राजे, शिरापूर, राजेगाव, खानोटा या गावांच्या शिवारात उजनी धरणाचा फुगवटा शिरतो. पूल होण्याआधी सिद्धटेकच्या गणपतीला जाणारी माणसे शिरापूरच्या बाजूने नावेतूनच भीमा ओलांडत.

आज त्याच पाण्यावर चिलापी आणि कटला धरणारे आहेत, पैलतीरावर माणसे आणि मोटरसायकली नेणारे आहेत, इंदापूरच्या हद्दीतल्या कुंभारगाव-डिकसळला हिवाळ्यात रोहित पक्षी दाखवणारे आहेत, आणि काठावरची आपली मोटर बघायला होडीतून जाणारे शेतकरीही आहेत. वाळूच्या बोटीही आहेत. त्या कागदावर नसतात; महसूल खात्याने जिलेटिन लावून उडवल्या की तेवढ्यापुरत्या वर्तमानपत्रात येतात. या पुस्तिकेला त्यांच्या धंद्याशी कर्तव्य नाही, पण त्यांच्या वायरिंगबद्दल ती बोलणार आहे, कारण त्या बोटीवर रात्री काम करणारा पोरगा कुणाचा तरी असतो.

होडीवर वीज कुणी ठरवून आणली नाही. वल्ह्याच्या आणि बांबूच्या काळात कंदील पुरत असे. मग डिझेल इंजिन आले, ते हँडल मारून सुरू व्हायचे. हँडलचा कंटाळा आला तेव्हा सेल्फ बसवला, सेल्फ आला म्हणून बॅटरी आली, बॅटरी आहेच तर एक हेडलाइट लावू, मग हॉर्न, मग तळातले पाणी उपसायला छोटा पंप, मग मोबाईल चार्जर, मग पर्यटकांसाठी एलईडीची पट्टी आणि स्पीकर. प्रत्येक वेळी नवी वायर जुन्या वायरीच्या कडेला पिळून घातली गेली. घराला निदान एकदा तरी नकाशा असतो. होडीची वायरिंग मात्र अशी वरवर साठत जाते, आणि पहिली वायर कुणी कशासाठी टाकली हे मालकालाही सांगता येत नाही.

हे काम करतो कोण? बहुतेक वेळा ट्रॅक्टरचा इलेक्ट्रिशियन, नाहीतर गावातला घरगुती वायरमन. दोघेही आपापल्या कामात तयार असतात, आणि अडचण तिथेच आहे. एक जण ट्रॅक्टरची सवय घेऊन होडीत उतरतो, दुसरा भिंतीची. या पुस्तिकेची निम्मी पाने या दोन सवयी मोडण्यात खर्ची पडली आहेत.

आधी भिंतीची सवय. घरात २३० व्होल्ट असतात, होडीत १२. "बारा व्होल्ट काय करतंय?" हे वाक्य प्रत्येक घाटावर ऐकू येते, आणि अर्धे खरेही आहे. कोरड्या हाताला बारा व्होल्टचा झटका लागत नाही. पण गणित करून बघा. साठ वॅटचा दिवा घरात पाव अँपिअरच्या आसपास करंट घेतो. तोच साठ वॅटचा भार होडीत पाच अँपिअर घेतो, म्हणजे जवळजवळ वीसपट. वायर तापते ती अँपिअरने. घरात अंगाला जपायचे असते, होडीत वायरीला.

दुसरा हिशेब व्होल्ट गळण्याचा. बॅटरी मागे इंजिनाजवळ, पंप पुढे नाळेकडे. जायला सहा मीटर, यायला सहा मीटर, म्हणजे बारा मीटर तांबे. पंप पाच अँपिअरचा धरा. एक चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर वाटेतच सुमारे १.२ व्होल्ट गळतात. घरात २३० मधून १.२ गेले तर कुणाला कळतही नाही. इथे बारामधला दहावा हिस्सा गेला. चार चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर गळती ०.३ व्होल्टवर येते. अमेरिकेत छोट्या बोटींसाठी जी मानके वापरतात, त्यांत दिशादर्शक दिवे आणि तळाचा पंप यांसारख्या जीव राखणाऱ्या गोष्टींना तीन टक्क्यांपेक्षा जास्त गळती चालत नाही, बाकीच्यांना दहा टक्के चालते. पंप हळू चालतो म्हणून पंप बदलणारे पुष्कळ भेटतात. वायर बदलणारा क्वचितच.

आता एखाद्या होडीतली बॅटरीची पेटी उघडून बघू. पेटी बहुधा भाजीच्या प्लास्टिक क्रेटची, कधी लाकडाची. आत ट्रॅक्टरची बॅटरी, दोरीने बांधलेली किंवा तशीच. धन टर्मिनलवर पांढऱ्या-हिरव्या बुरशीसारखा थर. एका क्लॅम्पखाली सेल्फची जाड केबल, आणि त्याच नटाखाली कोंबलेल्या पाच-सहा बारीक वायरी, काहींचे टोक नुसतेच पिळलेले. एक वायर पिवळी-लाल दोनपदरी, लग्नाच्या मांडवातून आलेली. एक काळी सर्व्हिस वायर, ॲल्युमिनियमची, आत एकच जाड तार. जॉइंटवर काळी टेप, उन्हाने तिचा चिकटा सुटून कडेने ओघळलेला. झाकणाखाली पाना ठेवलेला. फ्यूज नाही, किंवा आहे तर तो पार पुढे दिव्याजवळ.

यातली प्रत्येक गोष्ट सांगण्यासारखी आहे, पण प्रस्तावनेत फ्यूजवरच थांबतो. फ्यूज दिवा वाचवायला लावतात असा सार्वत्रिक समज आहे. तो वायर वाचवायला लावतात. बॅटरीपासून दिव्यापर्यंतची वायर मधे कुठे लोखंडी कडेवर घासून उघडी पडली, तर दिव्याजवळचा फ्यूज जागचा हलत नाही, कारण करंट त्याच्यापर्यंत पोचतच नाही. शंभर अँपिअर-अवरच्या चांगल्या बॅटरीची टर्मिनले थेट जोडली गेली तर हजार अँपिअरच्या वर करंट निघू शकतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तीन मीटर वायरीतून शॉर्ट झाला तर करंट दोनशे अँपिअरच्या पुढे जातो, आणि अर्ध्या-एक सेकंदात पीव्हीसीचे आवरण वितळायला लागते. शेजारी डिझेलचा कॅन, फायबरचा तळ, ओली-सुकी दोरी. म्हणून त्याच मानकांत फ्यूजची जागा बॅटरीच्या धन टोकापासून सात इंचांच्या आत सांगितली आहे. सेल्फच्या केबलला मात्र अपवाद आहे, कारण सेल्फ क्षणभर एवढा करंट ओढतो की फ्यूज टिकणार नाही. ती केबल आखूड ठेवायची आणि तिच्यावर जाड नळी चढवायची. आणि किटकॅटमध्ये जाड तार घालण्याची विद्या घरीच राहू द्यावी. गाडीतले रंगीत ब्लेड फ्यूज दौंडला आणि शिरूरला कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात. चार जास्तीचे पेटीत ठेवले की तार घालायचा मोह होत नाही.

हातातल्या कड्याबद्दल वेगळे पान आहे. बॅटरीच्या धन टर्मिनलवर पाना फिरवताना स्टीलचे कडे लोखंडी कडेला टेकले, तर बारा व्होल्टमध्ये मनगट भाजते. काम सुरू करताना ऋण टोक आधी सोडायचे आणि जोडताना शेवटी जोडायचे, हा क्रम त्यासाठीच आहे.

दुसरी सवय ट्रॅक्टरची. ट्रॅक्टरला एकच वायर दिव्याला जाते आणि परतीचा रस्ता बॉडीतून होतो. पत्र्याच्या बोटीत हेच करतात: ऋण टोक सांगाड्याला जोडले की निम्मी वायर वाचली. पण ट्रॅक्टर रानात उभा असतो, बोट पाण्यात. सांगाडा हाच परतीचा रस्ता झाला की गंजलेल्या वेल्डिंगपाशी, ढिल्या नटापाशी करंट अडतो आणि काही पाण्यातून वाट काढतो. लोखंडातून करंट जिथे पाण्यात उतरतो, तिथला पत्रा खाल्ला जातो. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून इथवर येते. क्षारांनी भरलेले पाणी या कामाला चांगलीच मदत करते. तळाला भोके पडतात आणि दोष पत्र्याच्या दुकानदाराला लागतो. होडीत प्रत्येक उपकरणाला जाणारी आणि येणारी अशा दोन वायरी हव्यात. त्याला पर्याय नाही.

जॉइंटविषयी माझे मत थोडे आग्रहाचे आहे, ते सांगूनच टाकतो. कथलाचा डाग दिलेला जॉइंट पक्का, असे आपल्याकडे मानतात. भिंतीत तो पक्का असतोही. इंजिनाच्या थरथरीत मात्र कथील तारांच्या आत वर चढून वायर एका जागी ताठ करते, आणि ताठ भाग जिथे संपतो तिथे एकेक तार तुटत जाते. त्याऐवजी तांब्याचे लग, ते दाबायचे नीट यंत्र, आणि वर गरम केल्यावर आवळणारी, आतून चिकट स्लीव्ह. ही विद्या या भागाला नवी नाही. रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांत पॅनेल बांधणारी शेकडो पोरे हेच काम रोज करतात. घाटावर मात्र त्यांतला कुणी दिसत नाही, कारण होडीचे काम हे काम आहे असे अजून कुणाला वाटत नाही. वायर बारीक तारांची, म्हणजे मल्टिस्ट्रँड, हवी; एकाच जाड तारेची नको, ॲल्युमिनियमची तर नकोच. समुद्रावर कल्हई केलेल्या तांब्याची वायर वापरतात. ती इथे सहज मिळत नाही, आणि गोड्या पाण्यात साध्या तांब्यावरही चालते असे माझे मत आहे, मात्र टोके बंद हवीत. दर दीड फुटावर एक क्लिप, पत्र्यातून जाताना रबरी बूच, आणि कुठलाही जॉइंट तळातल्या पाण्याच्या रेषेच्या वर.

तळाच्या पंपाची वायर मेन स्विचच्या आधी, स्वतःच्या फ्यूजमधून थेट बॅटरीवरून घ्यावी. मालक रात्री मेन बंद करून घरी गेला तरी पंप जागा राहतो. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला निघालेली बोट उजनीत वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण बुडाले. त्या अपघाताचे कारण वारा होते, वीज नव्हती. तो या विषयाच्या खात्यात ओढणे बरे नाही. पण त्यानंतर घाटांवर जी बोलणी झाली ती लाइफ जॅकेटवर येऊन थांबली. वळवाच्या वाऱ्यात लाटा आत येऊ लागल्या की चालणारा पंप, चालणारा दिवा आणि एका चावीत सुरू होणारे इंजिन यांची किंमतही तेवढीच असते, आणि या तिन्ही गोष्टी बॅटरीच्या त्या पेटीतून निघतात.

आतापर्यंतची वीज होडीच्या पोटातली होती. काठावरची वीज वेगळी, आणि या दोन तालुक्यांत जास्त भिण्यासारखी तीच आहे.

उजनीची गंमत अशी की सुमारे ११७ टीएमसीच्या साठ्यात ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा आहे. त्यामुळे उन्हाळ्यात धरण 'मायनस'मध्ये जाते, तरीही पाणी असतेच. ते फक्त काठापासून दूर पळते. पाणी मागे गेले की मोटरी पुढे सरकवायच्या, उघड्या पडलेल्या गाळपेरीवरून केबल वाढवायची. एक तुकडा जोडला, पुढच्या पंधरवड्यात आणखी एक. प्रत्येक तुकड्याला एक जॉइंट, प्रत्येक जॉइंटला टेप. हे ४१५ व्होल्टचे थ्री फेज असते, बारा व्होल्टचे नव्हे. पावसाळ्यात उलटे होते. वर खडकवासल्यातून पाणी सुटते, दौंडचा विसर्ग वाढत जातो, आणि रात्रीत मोटरी बाहेर ओढायची धावपळ उडते. पाणी चढलेले, काळोख, काही जॉइंट पाण्याखाली, आणि शेतीची लाइन कधी येईल याचा भरवसा नाही. त्यात स्टार्टरला ऑटो लावलेला असतो, म्हणजे लाइन आली की मोटर आपोआप सुरू. रात्रीच्या लाइनला उठायला नको म्हणून लावलेला हा ऑटो, पाण्यात उतरलेल्या माणसाला कुठलीही सूचना देत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, आणि ती समुद्रावरच्या माणसालाही बऱ्याचदा माहीत नसते. समुद्राचे खारे पाणी माणसाच्या शरीरापेक्षा विजेला कितीतरी जास्त वाट देते, त्यामुळे पाण्यात सुटलेला करंट बराचसा माणसाला वळसा घालून जातो. गोड्या पाण्यात उलटे आहे. तिथे शरीरच पाण्यापेक्षा सोपी वाट असते. उघड्या जॉइंटभोवती पाण्यात व्होल्टची उतरण तयार होते, आणि तिच्यात शिरलेल्या माणसाच्या हातापायांत वेगवेगळे व्होल्ट येतात. दहा-वीस मिलिअँपिअरला स्नायू ऐकेनासे होतात. पट्टीचा पोहणाराही हात मारू शकत नाही, ओरडू शकत नाही, आणि शवविच्छेदनात बुडून मृत्यू असेच निघते. अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या बोटींच्या धक्क्यांवर असे मृत्यू इतके झाले की त्याला स्वतंत्र नाव द्यावे लागले आणि धक्क्याजवळ पोहायला मनाई करणाऱ्या पाट्या लागल्या. आपल्याकडे त्याची वेगळी नोंदच होत नाही. 'पोहताना दम लागून' या तीन शब्दांत किती केबली दडल्या असतील, कुणास ठाऊक.

म्हणून काठावरचे प्रकरण मी होडीवाल्यांसाठी जेवढे लिहिले तेवढेच मोटरवाल्यांसाठी. मोटरीच्या अंगाला खरे अर्थिंग, स्टार्टरच्या पेटीत गळती ओळखून लाइन तोडणारे उपकरण, पाण्यात जाणाऱ्या केबलला जॉइंट नाही, आणि पाण्यात पाय टाकण्याआधी ऑटो काढून फ्यूज खिशात. होडीवाल्याने केबल ओलांडताना इंजिन उचलायचे, नांगर त्या बाजूला टाकायचा नाही, पत्र्याची होडी मोटरीच्या तराफ्याला बांधायची नाही. आकडा टाकून चालवलेल्या मोटरींबद्दल वेगळे काय लिहिणार. तिथे तोडायला स्विचच नसतो.

होडीवर २३० व्होल्ट आणायचेच असतील, म्हणजे विसर्जनाच्या रात्री जनरेटर किंवा स्पीकरसाठी इन्व्हर्टर, तर त्या वायरी बारा व्होल्टच्या वायरींपासून वेगळ्या नळीतून न्याव्यात. घरात काळी वायर न्यूट्रल आणि होडीत काळी वायर बॅटरीचे ऋण टोक. दोन्ही एका जुडग्यात गेल्या की पुढच्या दुरुस्तीला कुणीतरी फसतो. पेट्रोलचे इंजिन असेल तर पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी साचते, म्हणून स्विच आणि बॅटरी तळाशी नकोत. चार्ज होणारी बॅटरी हायड्रोजन सोडते, तो हलका, म्हणून पेटीला वरच्या बाजूला भोके हवीत.

कायद्याचे थोडे. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा आला, आणि इंजिनावर चालणाऱ्या नावेची नोंदणी व तपासणी त्यात आहे. वीतभर होडीला एवढा कायदा कशाला, असे काठावर म्हणतात. मला त्यात एक सोय दिसते: तपासणीला कुणी येणार असेल तर निदान एकदा पेटी उघडली जाईल. दरम्यान जग पुढे चालले आहे. केरळात २०१७ पासून सौरऊर्जेवर चालणारी 'आदित्य' ही प्रवासी बोट धावते आहे, २०२३ पासून कोचीच्या खाडीत बॅटरीवरच्या मेट्रो बोटी आहेत. त्या बोटींच्या बॅटरीपुढे आपली ट्रॅक्टरची बॅटरी म्हणजे काहीच नाही. पण उद्या भीमेवर कुणी सौर पॅनेलची होडी उतरवलीच, तर तिची वायर ओढायला बाहेरून माणूस येणार नाही. तीच पोरे ती ओढतील, आणि पिळून टेप मारायची सवय त्याआधी सुटलेली बरी.

पुस्तिका सलग वाचायची गरज नाही. ज्याची होडी आज पाण्यात आहे त्याने फ्यूजचे प्रकरण आधी घ्यावे, कारण ते एका दुपारचे काम आहे. नवी होडी बांधणाऱ्याने वायरीच्या जाडीपासून सुरुवात करावी. वायरमनने ट्रॅक्टरचे प्रकरण आणि ट्रॅक्टरवाल्याने घराचे प्रकरण वाचावे, आपापले वाचून फारसे काही हाती लागणार नाही. शेवटचे पान जाड कागदाचे आहे. त्याच्या एका बाजूला वायरीची जाडी आणि फ्यूजचा तक्ता, दुसऱ्या बाजूला पाण्यात करंट लागलेल्या माणसाला कसे काढायचे ते मोठ्या अक्षरांत: आधी लाइन तोडा, उडी मारू नका, कोरडा बांबू किंवा दोरी द्या, बाहेर काढल्यावर श्वास बघा, नसेल तर छाती दाबायला लागा आणि १०८ ला फोन लावा. ते पान फाडून घ्यावे, प्लास्टिकच्या पिशवीत घालावे आणि पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावे.